तालासोच्या वाडग्यातली सांडणी

मित्रांनो, मी एक म्हातारी सांडणी, म्हणजे उंटीण आहे आणि माझा स्वभाव वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी मला 'बिचारी' म्हणायला नको. आमच्या चल्बीच्या वाळवंटात बिचारं असून भागत नाही. काळे दगड, खारट पाणी आणि दिवसभर तोंडावर येणारी वाळू, यांत जो कुरकुरत का होईना पण उभा राहतो, तोच जगतो. मी फार कुरकुरते, म्हणून फार जगले असावे.

माझा जन्म हुका नावाच्या माणसाच्या वाडग्यात, म्हणजे काट्यांचं कुंपण घातलेल्या गोठ्यात झाला. पहिल्याच वर्षी त्याने तापलेल्या लोखंडाने माझ्या मांडीवर आपल्या घराण्याचा डाग उमटवला. वास अजून आठवतो. हुका श्रीमंत होता, पण किती श्रीमंत, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. कारण त्याच्या निम्म्या सांडण्या इतरांच्या वाडग्यांत होत्या. आमच्या गाब्रा लोकांची ही जुनी रीत. ज्याच्याकडे आहे, त्याने ज्याच्याकडे नाही त्याला दुभती सांडणी वापरायला द्यायची. दूध घेणाऱ्याचं, जनावर देणाऱ्याचं. देणाऱ्याला अडचण आली तर तो परत मागू शकतो आणि मागितली की नाही म्हणायचं नसतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परक्यापुढे 'ही अमक्याची' असं तोंडातून काढायचं नसतं. त्यात देणाऱ्याची श्रीमंती उघडी पडते आणि घेणाऱ्याची लाज जाते. जनावरं मोठ्याने मोजायचीही नसतात. मोजली की दृष्ट लागते, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

तालासो नावाच्या बाईचा नवरा विहिरीचा काठ अंगावर ढासळून मेला, तेव्हा तिच्या पदरात दोन मुलं होती आणि तिसरं पोटात होतं. हुका मला आणि माझ्या दोन मुलींना घेऊन स्वतः तिच्या दारी गेला.

"पोरी, ही घे," तो म्हणाला. "चावते, पण दूध देते. माणसं बहुतेक दूध न देताच चावतात."

तालासो रडता रडता हसली. मला ते आवडलं नाही, कारण विनोद माझ्यावर होता. पण त्या घरात मी रमले, हे मान्य करायला हवं. तालासोचा हात हलका होता. ती धार काढायच्या आधी माझ्याशी बोलायची, शिव्याही प्रेमाने द्यायची. दोन महिन्यांनी बुके जन्मली. ती चालायला लागल्यापासून रोज संध्याकाळी लाकडी पेला घेऊन माझ्या पोटाखाली येऊन उभी राहायची आणि फेस बसायच्या आत पिऊन टाकायची. ओठावर पांढरी मिशी. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "ए वाकडतोंडे, अजून दे की." दुसऱ्या कुणी मला वाकडतोंडी म्हटलं असतं तर मी त्याची टोपी चावून टाकली असती. हिला मी अजून दिलं. तीन वर्षं त्या घराचा चहा, जेवण आणि औषध सगळं आम्हा तिघींच्या कासेतून आलं. पाणवठ्यावर बायका माझं कौतुक करायच्या आणि मी मान ताठ ठेवून ऐकायचे.

बुके जन्मली त्याच वर्षी आमच्याकडे एक मदत संस्था आली. दुष्काळात माणसांनी तग धरावा म्हणून गरीब घरांना तिने शेळ्या दिल्या, दर महिन्याला मका दिला आणि लहान मुलांसाठी दुधाची भुकटी दिली. मका आणि भुकटी चांगली होती. शेळ्या खोकून खोकून मेल्या. माणसं खरोखर तगली की नाही हे बघायला दोन वर्षांनी मूल्यमापनाचा साहेब आला. त्याचं नाव मुटिंडा. तो दक्षिणेकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. माणूस वाईट नव्हता, उलट फार मेहनती होता. बाकीचे साहेब झाडाखाली खुर्ची टाकून विचारत बसतात. हा भर उन्हात दारोदार फिरला. त्याच्याबरोबर दुभाष्या होता रोबा, म्हणजे तालासोच्या नवऱ्याचा चुलतभाऊ.

"ताई, तुमच्याकडे उंट किती?" मुटिंडाने विचारलं.

"सगळं शांत आहे," तालासो म्हणाली. आमच्याकडे या प्रश्नाचं एवढंच उत्तर असतं.

"रोबा, या काय म्हणतात?"

"शांत आहे म्हणतात, साहेब."

"ते कळलं हो. आकडा सांगायला सांगा."

रोबा खाली बघून पायाने दगड हलवत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्या मांडीवरचा डाग गावातलं शेंबडं पोरही वाचतं. पण त्याने सांगितलं असतं तर हुकाची श्रीमंती त्या कागदावर गेली असती आणि वहिनीची लाज चव्हाट्यावर आली असती. शेवटी तो म्हणाला, "साहेब, वाडग्यात बघून घ्या ना. समोर आहेत."

"हेच मला आवडतं," मुटिंडा खुश होऊन म्हणाला. "लोक काहीही सांगतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी मोजतो." आणि त्याने पिल्लं सोडून, बोट नाचवत आम्हाला मोजलं. एक, दोन, तीन. तालासोने तोंड फिरवलं. मग त्याने मुलं मोजली, तीही तीन. शेवटी माझा फोटो काढला. फोटोत डाग अगदी स्पष्ट आला असणार.

काही महिन्यांनी बाभळीखाली सभा झाली. तालासोला सगळ्यांसमोर बोलावून हातात एक कागद दिला, टाळ्या वाजल्या. ती रोबाला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "भाऊजी, हे कशाबद्दल?"

"वहिनी, तुम्ही आता स्वतःच्या पायावर उभ्या आहात असं लिहिलंय त्यात."

"बरं. आणि मका?"

"तो बंद. जे उभे नाहीत, त्यांना देणार आता."

"आणि पोरांची भुकटी?"

रोबाने कागदाची घडी घालून तो तिच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "सांडणी आहे ना वहिनी तुमच्याकडे." सांडणी कुणाची, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला त्याचा तेव्हा संताप आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

त्या वर्षी पाऊस आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. हुकाचे चरायला गेलेले उंट डोंगरापलीकडे एकामागून एक मरून पडले. त्याच्या घरात सहा नातवंडं होती. एका सकाळी तो काठी टेकत आला आणि तालासोकडे न बघता वाडग्याच्या काट्यांकडे बघत उभा राहिला. काही बोलायची गरज पडली नाही. तालासोने स्वतः आम्हा तिघींच्या गळ्यात दोर बांधले आणि टोकं त्याच्या हातात दिली.

"बाबा, वाटेत पाणी पाजा हिला," ती म्हणाली. "तहानली की चावते."

बुके काळ्या दगडांपर्यंत आमच्यामागे आली. पेला हातातच होता. हुकाने एकदा मागे वळून पाहिलं आणि पावलं भराभर टाकली.

त्यानंतर तालासो पुन्हा मका मागायला संस्थेच्या शेडवर गेली. ती हकीकत मला हुकाच्या सुनेने धार काढताना सांगितली. तिला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि मी कुणाला सांगणार नाही, अशी तिची समजूत होती. शेडमधल्या माणसाने यादी काढली.

"तीन सांडण्या आहेत तुझ्या नावावर."

"आता नाहीत."

"मेल्या?"

"नाही."

"विकल्या?"

"नाही."

"मेल्या नाहीत, विकल्या नाहीत. मग काय पंख फुटले त्यांना?"

रांग हसली. तालासोने रिकामं पोतं काखेत मारलं. तिच्या मागे तिसऱ्या नंबरावर हुकाची सूनच उभी होती. तिने एक शब्द उच्चारला असता तर काम झालं असतं. "माझ्या सासऱ्याचं नाव मी कसं घेणार होते?" असं ती मला विचारत होती आणि माझी कास ओढत होती. तालासोला तिने पाहिलं होतं आणि तालासोनेही तिला पाहिलं होतं. दोघी आपापल्या घरी गेल्या.

मित्रांनो, आता माझंही ऐका. नव्या हाताला मी पान्हा सोडला नाही. चार दिवस सोडला नाही. सुनेने काठीने मारलं, माझं पिल्लू बांधून ठेवलं, तरी नाही. पाचव्या दिवशी सोडला. कास दुखत होती, पिल्लू ओरडत होतं आणि मी जनावर आहे. हुकाची सहाच्या सहा नातवंडं माझ्या दुधावर जगली. गुबगुबीत नव्हती, पण जगली. त्यांच्यावर माझा राग नाही. मी फक्त सांगते आहे की दूध होतं. ते अर्ध्या दिवसाच्या चालीवर होतं.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी बुकेला जुलाब लागले. तीन दिवसांत संपलं. हेही सुनेनेच सांगितलं. त्या दिवशी तिने धार अर्धवट सोडली आणि माझ्या पायाशी बसून राहिली.

पाऊस आल्यावर हुकाने आम्हा तिघींना पुन्हा तालासोकडे धाडलं. या वेळी तो स्वतः आला नाही. तालासोचा हात तसाच हलका होता, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. शिवी तरी दे, असं मला वाटायचं. आणि पाऊस येऊन महिनाही झाला नव्हता, तोच मुटिंडा परत आला, दुष्काळानंतर माणसं कशी तगली ते मोजायला.

त्याने आम्हाला मोजलं. तीन. "बघा, इतक्या वाईट काळातही एकसुद्धा गमावली नाही," तो रोबाला म्हणाला. खरोखर आनंदला होता तो. मग मुलांकडे वळला.

"ताई, मुलं?"

"दोन," तालासो म्हणाली. या वेळी तिने आकडा सांगितला.

मुटिंडाने जुना कागद काढला. "इथे तीन आहेत."

"दोन."

रोबाने तोंड उघडलं, तेवढ्यात तालासोने त्याच्याकडे पाहिलं. गेलेल्याचं नाव आमच्याकडे माणसं पाहुण्यापुढे घेत नाहीत. रोबाने तोंड मिटलं. डोळे पुसायला तो वाडग्यामागे गेला आणि मुटिंडाला वाटलं, लघवीला गेला.

"अच्छा," मुटिंडा आपल्याशीच म्हणाला, "मागच्या खेपेला शेजाऱ्याचं पोर मोजलं गेलं असणार. होतं असं. घोळक्यात कळत नाही कुणाचं कुठलं." आणि त्याने जुन्या कागदावरचा तीन खोडून तिथे दोन केला. सांडण्या तेवढ्याच आणि खाणारी तोंडं कमी, म्हणून तालासोच्या घराचा दरडोई आकडा आधीपेक्षा वर गेला. आमची वस्ती त्यांच्या अहवालात सगळ्यात वर आहे, असं रोबा नंतर कुणाला तरी सांगत होता.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणीतरी असंच कागद घेऊन कुणाच्या दारी जाईल. जनावर जरूर मोजा. पण एखादी संध्याकाळ तिथे थांबा आणि धार निघाल्यावर दूध कुठल्या घरात जातं तेवढं बघून या. आणि माझं एक काम करा. माणसांनी नाव घ्यायचं नसतं, मी सांडणी आहे, मला चालतं. तालासोला तीन मुलं होती. तिसरीचं नाव बुके, वय चार वर्षं. ती शेजाऱ्याची नव्हती. हे कुठेतरी लिहून ठेवा.