तपकिरी बाटलीतलं गोड पाणी

यशया भिंगारदिवे नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई होता. माणूस सरळ, कामाला वाघ, पण घाबरट म्हणजे किती! आणि त्या दिवशी तर त्याची पाचावर धारण बसली.

झालं असं. बहात्तरचा दुष्काळ चाललेला. रेशनला साखर नाही आणि त्याची बायको मरियम सातव्या महिन्यात. तिला सारखं गोड खावंसं वाटायचं. इकडे प्रयोगशाळेतले रोहोकले सर साखर कारखान्यातली मळी पाण्यात उकळून जंतूंना पाजायचे. बघा लाड! माणसांचा चहा बिनसाखरेचा, आणि जंतूंची चंगळ! उरलेली मळी फेकायचं काम यशयाचं. काल त्यानं ती फेकली नाही. एका तपकिरी बाटलीत भरली आणि गुपचूप केडगावला घरी नेली, मरियमसाठी.

आज फडताळ पुसताना बघतो तर साधी मळी जागच्या जागी, आणि जंतू वाढवलेला चंबू रिकामा! म्हणजे काल बाटलीत भरलं ते जंतूंचं पाणी!

त्याला सरांचं बोलणं आठवलं. "यशया, या जंतूंना साखर भरपूर द्यायची आणि नायट्रोजन तोडायचा. मग ते स्वतःच्या पोटात प्लॅस्टिक साठवतात. एन्झाइम नावाचा कारागीर असतो त्यांच्यात. बारके बारके रेणू जोडत तो लांबच लांब माळ ओवतो." सरांनी त्या प्लॅस्टिकचा तुकडाही दाखवला होता, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. आता यशयाला मरियमच्या पोटात तो कारागीर माळ ओवताना दिसू लागला आणि बाळाच्या तोंडावर तोच पापुद्रा. देवा, मी माझ्या हातानं पाजलं! दुपारपर्यंत त्यानं कसाबसा धीर धरला. मग नोकरी गेली तर जाऊ दे म्हणून सरांपुढे जाऊन सगळं सांगून टाकलं.

सर पोट धरून हसले. "अरे वेड्या, हे जंतू तुझ्याच केडगावच्या मातीतले. मुळ्या-गाजराबरोबर जन्मभर खातोयस तू. आणि ते प्लॅस्टिक म्हणजे त्यांची शिदोरी. उपाशी पडले की दुसरं एन्झाइम तीच माळ तोडतं, आणि ते त्यावर जगतात. मातीत पुरलं तर बाकीचे जंतूसुद्धा फस्त करतात. नेलंस कशात?"

"त्या तपकिरी बाटलीत, सर. कपाटाखालच्या."

सरांचं हसू जागीच मावळलं. "क्लोरोफॉर्मची? धुतली होतीस?"

"पानी कुटाय, सर? तुमीच म्हनला, थेंब थेंब जपा."

"जंतूंमधून प्लॅस्टिक वेगळं करायला वापरतो ते. विष आहे, यशया! पाण्यात मिसळत नाही, जड असतं, तळाला बसतं. तळाशी काही होतं?"

"दोन बोटं हुतं. मळीच्या वासात कळलं न्हाई." यशयाच्या तोंडचं पाणी पळालं.

"शेवटचा घोट पोटात गेला तर..." सर लगेच उठले. त्यांनी स्कूटर काढली. केडगाव येईपर्यंत यशया मागं बसून एकच पुटपुटत होता, "प्रभू, मला ने, तिला नको."

दार लोटलं तर मरियम भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. शेजारी बाटली आडवी, रिकामी.

"मरियम!" यशयाला हंबरडाच फुटला.

ती दचकून जागी झाली. "अवो, काय झालं? जरा डोळा लागला हुता."

"बाटलीतलं समदं प्यालीस?"

"समदं कशी पिईन?" तिनं झाकलेलं फुलपात्र पुढं केलं. "लई गोड तळाशीच आसतं. ते तुमच्यासाठी राखलंय. दिसभर राबता, तोंडात काय न्हाई. घ्या."

सरांनी फुलपात्र हिसकावून अंगणात ओतलं आणि ते रिक्षा बघायला धावले. तिला दवाखान्यात दाखवायलाच हवं होतं. यशया मटकन खाली बसला. त्याला रडू आवरत नव्हतं. मरियम पदरानं त्याचं तोंड पुसत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "येवढं चांगलं गोड, कशापायी वतलं वो सरांनी?"