मागच्या फाटकापाशी लागलेली गाडी

"डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पुकारायची नाही, पोरी. आपल्या शब्दावर माणसं घरी जातात."

ती दहा वर्षांची असताना ऐकलेला बाबांचा हा आवाज अजून तिच्या कानात होता. बाबा बसस्थानकावर गाड्या पुकारायचे. ते निवृत्त झाले आणि खुर्ची तिच्याकडे आली. घर भिंतीपलीकडेच, त्यामुळे तिचा शब्दन् शब्द बाबांच्या कानावर पडे. शाबासकी मात्र कधी नाही. "सव्वानऊची घाईत पुकारलीस," एवढंच.

बुधवारी भर दुपारी बंडखोरांचा बॉम्ब तीन नंबरच्या फलाटावर फुटला. माइकच्या खोलीच्या काचा तिच्या मांडीत आल्या. बाहेर धूर, धुरात हाका, आणि माणसांचा लोंढा निघाला मोठ्या फाटकाकडे. त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पहिला बॉम्ब पळवतो आणि दुसरा फाटकात गाठतो.

थांबा म्हटलं तर कोण थांबणार? पण आपली गाडी लागली म्हटलं की माणूस झोपेतसुद्धा वळतो. तिने माइक ओढला. रोजचाच संथ आवाज, रोजच्यासारखं दोनदा: "धरणाची गाडी मागच्या फाटकापाशी लागली आहे. सावकाश चढा." मग घाटाची. मग बंदराची. मागच्या फाटकापाशी तेव्हा साधी हातगाडीही नव्हती.

लोंढा अडखळला, वळला. चौथ्या मिनिटाला मोठं फाटक उडालं. तिथे चिटपाखरू नव्हतं.

तीन नंबरवरची नऊ माणसं गेली ती गेलीच. बाकीचं गाव तिचं नाव काढत होतं, आणि ती तीन दिवस घराबाहेर पडली नव्हती. चौथ्या दिवशी धरणाच्या गाडीचा ड्रायव्हर दारात आला. सगळे त्याला मामा म्हणत.

"ताई, चला आता. तुमच्या जागी कारकून पुकारतोय. इंजिनालासुद्धा जांभया येतात."

"मी कुठल्या तोंडाने पुकारू, मामा?" तिने बाबांकडे पाहिलं. "बाबा, तिथे एकही गाडी नव्हती. मी खोटं पुकारलं."

"नव्हती कशी?" मामा म्हणाला. "म्हणजे, आधी नव्हती. पण ताईने पुकारली म्हटल्यावर गाडी नाही, हे बरं दिसेल का? घेतली उलटी आणि नेली मागे. माझ्यामागून आणखी अकरा आल्या. माणसं घरी गेली, ताई."

तिने तोंडाला पदर लावला. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तू पाळण्यात होतीस," ते म्हणाले, "तेव्हा असाच एक बॉम्ब फुटला. माइक माझ्या हातात होता. धुरात काही दिसेना, म्हणून मी गप्प राहिलो. माणसं मोठ्या फाटकाकडे धावली."

चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवलाच नाही.

"तो डोळ्यांनी पाहायचा नियम मी नंतर केला, पोरी. गप्प बसल्याला काहीतरी कारण हवं होतं."