खरं बोलणारी जीप

भीमेच्या पात्रात त्या सकाळी पाण्यापेक्षा माणसं जास्त होती. एप्रिल संपत आलेला. नदीची धार पलीकडच्या काठाला चिकटलेली आणि अलीकडे अर्धा किलोमीटर नुसती वाळू. त्या वाळूच्या कडेला अख्खी भिवरवाडी लोटली होती. वरवंडहून, कासुर्डीहून लोक ट्रॅक्टर भरून आले होते. उसाच्या रसाचा गाडा आला होता, भेळवाला आला होता. आणि हे सगळे एक जीप बघायला आले होते.

जीप मिलिटरीच्या लिलावातली, फोर व्हील ड्राइव्ह, वयानं माझ्याएवढी. हिरवा रंग जाऊन तिच्यावर भगवा चढला होता. पुढच्या जाळीवर झेंडूचा हात-हात जाड हार आणि मागच्या दांडीवर कर्णा. जीपचं नाव सत्यरथ आणि मालकाचं नाव सत्यरथ महाराज. चोर शेजारी बसला की ही जीप उकळते, अशी तिची ख्याती होती.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. विज्ञान शिकवतो. त्या दिवशी मी गर्दीच्या शेवटच्या रांगेत उभा होतो आणि गप्प होतो, हे आधीच सांगून टाकतो.

झालं होतं असं, की दोन महिन्यांत नदीवरच्या अकरा मोटारींच्या केबली कोणीतरी कापून नेल्या होत्या. आतल्या तांब्यासाठी. तक्रार झाली, पंचनामा झाला, चोर काही मिळेना. मका माना टाकायला लागला, तशी माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघायला लागली. शेवटी उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन मच्छिंद्र अप्पा यांनी महाराजांना बोलावणं धाडलं.

महाराज जीपमध्ये मागं उभे, एक हात दांडीला, एका हातात माइक. "भक्तहो! पोलीस डोळ्यानं बघतात. कॅमेरा काचेतून बघतो. पण सत्यरथ? सत्यरथ अंतःकरणानं बघतो! पाप जड असतं. किती जड? टनात मोजा. ते पाप रथात बसलं, की रथाचं रक्त तापतं. सत्याला घाम येत नाही, आणि पापाला फेस येतो!"

"बोला सत्यरथ महाराज की..." कर्णा ओरडला. "जय!" लोक ओरडले.

पहिले बसले अप्पा. स्वतःहून. पप्पू नावाचा शिक्रापूरकडचा ड्रायव्हर चाकावर होता. जीप वाळूत उतरली, चाकं घोटाभर रुतवत, हळूहळू धारेपर्यंत गेली आणि वळून आली. समोर गाडीच्या उष्णतेचं ताटाएवढं मीटर मुद्दाम बसवलेलं होतं. लांबूनही दिसावं म्हणून. सुई मधोमध.

"चेअरमन साहेब निर्मळ!" महाराज गरजले. अप्पांनी फेटा सारखा केला.

मग डेअरीवाला गेला. तोही निर्मळ निघाला. हा माणूस दुधात काय घालतो ते गावाला ठाऊक होतं, पण जीपला बहुतेक केबलपुरतंच कळत असावं.

"आता नदीवर राखण करणारा!" महाराज म्हणाले आणि जोरात खाकरले.

भैरू पुढं आला. पन्नाशीचा, काटकुळा. सोसायटीच्या मोटारी बघायला नदीकाठच्या खोपटात बायकोसह राहायचा. गावात ना भावकी, ना शेत. तो जीपला हात जोडून बसला. जीप निघाली. धारेपाशी वळली तेव्हा सुई चढायला लागली होती. परत येताना तर बोनेटच्या फटींतून पांढरी वाफ फसफसत होती, आणि काठाला येऊन जीपनं शिट्टीसारखा आवाज केला.

आधी आठशे माना उंचावल्या. मग एकदम गलका.

"ह्योच! मी म्हनलंच व्हतं!"

"खोपटात बसून आमचीच तार इकतुय व्हय रं?"

"खोपाट पाडा! गावात ठिवू नका!"

भैरूची बायको अनसाबाई वाळूत बसली. "माझ्या धन्यानं न्हाई वो नेली! म्हमई देवीची शपथ..." भैरू त्या मीटरकडे असा बघत होता, जणू आपण चोरी केली असावी आणि आपल्यालाच आठवत नसावं.

"आता रथाला तीर्थ पाजा!" महाराज म्हणाले. एक तरणा गडी कळशी घेऊन धावला, बोनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणावर हात टाकायला वाकला.

"झाकणाला हात लावू नकोस! भाजशील!"

आवाज बाईचा होता. गर्दी दुभंगली आणि अप्पांची थोरली सून अनुपमा पुढं आली. ती रोज स्कूटीवर तालुक्याला आयटीआयमध्ये शिकवायला जाते. काय शिकवते, हे गावानं कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी शिवणकाम धरून ठेवलं होतं.

"आतलं पाणी उकळतंय. झाकण फिरवलंस की उसळून तोंडावर येईल. आणि गार पाणी आत्ता ओतलं तर इंजिनला तडा जाईल. अर्धा तास थांबायचं."

"अनुपमा," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "घरी जा."

"जाते अप्पा. गाडी का तापली तेवढं बघते आणि जाते. डिझेल मेकॅनिकच्या पोरांना मी सहा वर्षं हेच शिकवते."

"डिझेल?" कोणीतरी म्हणालं. "मग शिवनकाम?"

महाराज गालात हसले. "ताई, हे तुमच्या पान्याचं काम नव्हे. हा आध्यात्मिक ताप आहे."

"असेल. पण आध्यात्मिक तापातही थर्मामीटर लावायला काय हरकत?"

लोक हसले. अप्पांच्या मागं उभ्या त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, पदर खोचला. "बघू द्या की वो तिला. रथ खरा आसंल तर त्याला कसलं भ्याव?"

महाराज माइक ठेवून जीपमधून उतरले.

अर्धा तास आठशे माणसं एका बोनेटकडे बघत उन्हात बसली. रसाच्या गाड्यावर झुंबड उडाली. महाराजांनी दोनदा ध्यान लावलं आणि एका डोळ्यानं अनुपमा काय करते ते पाहिलं. ती जीपच्या सावलीत अनसाबाईशेजारी बसली होती. पप्पूच्या कपाळावर मात्र घामाच्या धारा होत्या.

मग तिनं ओल्या फडक्यानं झाकण जपून फिरवलं. उरलेली वाफ सूं करत गेली. "पाणी थोडं कमी झालंय. आत्ताच्या वाफेनं. गळतीचा डाग कुठंच नाही." तिनं पाणी भरलं. पट्टा अंगठ्यानं दाबला. "ताण बरोबर आहे. पाण्याचा पंपही ठीक आहे." रबरी पाइप चेपून बघितले, चिरा नव्हत्या. ऑइलची पट्टी काढून पुसली, परत बुडवून काढली. "ऑइलमध्ये पाणी आलं असतं तर ते ताकासारखं दिसलं असतं. चांगलं आहे." आमचं गाव पहिल्यांदाच इतक्या शांततेत काहीतरी शिकत होतं. "आता रेडिएटर. वाळूत फिरणारी गाडी, पाचट-कचरा अडकला असेल म्हणून बघायचं..." तिनं जाळीवरचा हार उचलला.

"हाराला स्पर्श नको!" महाराज ओरडले.

हाराच्या मागं रेडिएटर लख्ख होता. आणि त्याच्यापुढं काळा इलेक्ट्रिकचा पंखा.

"कर्णा बंद करा," अनुपमा म्हणाली. कर्णा बंद झाला. तिनं जीप चालू केली. इंजिन धडधडलं. पंखा जागचा हलला नाही. "जुन्या जीपला इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा असतो. तो यांनी काढून टाकलाय. हा वेगळा बसवलाय. याची वायर बघा." वायरीवर बोट ठेवून ती चालत गेली. बोट आत शिरलं, स्टिअरिंगच्या खाली गेलं आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी थांबलं. तिनं काहीतरी दाबलं.

घर्रर्र. पंखा फिरला. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या.

"ते आरतीच्या घंटेचं बटण आहे!" महाराज म्हणाले.

"मग घंटा का वाजली नाही?" पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

अनुपमा लोकांकडे वळली. "हायवेवर गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागतो आणि पाणी गार राहतं. म्हणून ही जीप वरवंडहून इथवर थंड आली. वाळूत मात्र गिअर खालचा, इंजिन जोरात आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं. वारा नाहीच. तिथं सगळी भिस्त पंख्यावर. पंखा चालू असला तर बसणारा निर्मळ. बंद केला तर चोर."

"थापा हायत ह्या!" अप्पा उसळले. इज्जत त्यांचीच पणाला लागली होती. महाराजांना त्यांनीच आणलं होतं. "रथ खरा हाय. मी सकाळी बसलो, काय झालं का? आता परत बसतो. चालव तू. कर काय करायचं त्ये!" आणि फेटा सावरत ते खरंच बसले.

सून चाकावर, सासरा शेजारी. पंखा बंद. तिनं जाताना एवढंच सांगितलं, "सुई लाल रेघेला लागली की मी थांबणार. उकळू देणार नाही. इंजिननं काय पाप केलंय?"

जीप वाळूत उतरली. सगळं गाव शेजारून चालत निघालं, लग्नाच्या वरातीसारखं. धारेपाशी वळेपर्यंत सुई निम्म्याच्या वर होती. वळून पन्नास पावलं आली, तर तीन चतुर्थांश. अप्पा मीटरकडे बघेनात, नदीकडे बघायला लागले. काठाजवळ सुई लाल रेघेला टेकली आणि अनुपमानं गाडी उभी केली.

आठशे माणसांच्या मनात एकच वाक्य होतं आणि चेअरमनसमोर ते म्हणायची सोय नव्हती. शेवटी डेअरीवालाच म्हणाला, "म्हंजी... केबली अप्पांनी?"

त्या क्षणी मच्छिंद्र अप्पांना विज्ञान पटलं. "येड्यावानी बोलू नगंस! पंखा बंद हाय न्हवं? आरं, वारं न्हाई लागलं तर इंजिन तापंलच की! साधी गोष्ट हाय!"

"बरोबर," अनुपमा म्हणाली आणि बटण दाबलं. इंजिन चालूच ठेवलं. पंखा घरघरला. सुई थरथरली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली यायला लागली. तीन-चार मिनिटांत मधोमध आली. अप्पा जागेवरून न उठता पापमुक्त झाले.

"आमच्या मध्यान्ह ध्यानाची वेळ झाली," म्हणत महाराज रसाच्या गाड्याआडून निघाले होते. पोरांनी त्यांना वेढलं. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या.

"अंगाला हात लावायचा नाही," अनुपमा म्हणाली. "फोन केलाय. पोलीस येतील. यासाठी कायदा आहे."

पोलिसांचं नाव निघताच पप्पू फुटला. "म्याडम, मी नुसता ड्रायव्हर हाय. म्हाराज खाकरले की बटन बंद करायचं, एवढीच ड्यूटी."

"आणि कोणाच्या वेळी खाकरायचं, ते कसं ठरायचं?"

पप्पू खाली बघत म्हणाला, "आदल्या दिशी मी गावात फिरतो. चहा पितो, लोकान्ला इचारतो, तुमचा डाउट कुनावर? ज्याचं नाव लई जन घेत्यात आन् ज्याच्या बाजूनं भांडाया कोन न्हाई, त्योच निघतो. कवाच चुकलो न्हाई. गाव खूश व्हतं, कारन गावाला त्येच आईकायचं आसतं."

"इथं भैरूचं नाव कोणी घेतलं?"

"सगळ्यांनीच. डेअरीवर घेतलं, टपरीवर घेतलं, अप्पांच्या वसरीवर घेतलं." त्यानं मान वर करून मागच्या रांगेकडे बोट केलं. "ह्ये गुरुजी बी म्हनले."

आठशे डोकी माझ्याकडे वळली. आणि मी खरंच म्हणालो होतो. आदल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी या पप्पूनं मला विचारलं होतं आणि मी कुलूप लावता लावता म्हणालो होतो, "नदीवर रात्रंदिवस भैरूच असतो म्हणा." पुरावा? काही नाही. मागच्या आठवड्यात मी मुलांना निरीक्षण, अंदाज आणि प्रयोग यांतला फरक शिकवला होता.

पोलीस आले, महाराजांना आणि जीपला घेऊन गेले. गर्दी जागची हलेना. तिला चोर हवा होता. "मग वैनी," एकानं विचारलं, "केबली नेल्या कुनी?"

"मला माहीत नाही," अनुपमा म्हणाली.

लोकांचा केवढा हिरमोड झाला! महाराजांनी अर्ध्या दिवसात चोर दिला होता, आणि इथं एवढी शिकलेली बाई, तिला माहीत नाही.

संध्याकाळी मी खोपटावर गेलो. अनसाबाई मला बघून आत गेली. भैरू बाहेर दोरी वळत होता. मी माफी मागितली. त्यानं दोरीला आणखी एक पीळ दिला.

मग म्हणाला, "गुरुजी, तुमाला खरंच तसं वाटलं व्हतं, का सहज म्हनलात?"

"सहज म्हणालो."

"वाटलं आसतं तर येगळं," भैरू म्हणाला. "मानसाची समजूत चुकती. पन सहज..." त्यानं दोरीची गाठ मारली. "माझी माफी नगं. मला ठावं हाय मी काय हाय. ज्येंला शिकीवता त्येंला सांगा."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सांगितलं. मुलांसमोर उभा राहून, काहीही न लपवता. रेडिएटर कसा चालतो ते फळ्यावर काढलं, पंखा काढला, बटण काढलं. मग म्हणालो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी वायर कुठं जाते ते बघा. झाकण एकदम उघडू नका, थांबा, एकेक गोष्ट तपासा. आणि ज्याची तुम्हाला माहिती नाही, त्याबद्दल कोणी विचारलं, तर 'मला माहीत नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही. केबली कोणी नेल्या, हे आम्हाला आजही माहीत नाही. ती जीप बटणावर चालत होती, पण भैरूचं नाव तिच्यात बाहेरून आलं होतं. ते आम्ही दिलं होतं.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "गुरुजी, मग तुमी भैरूकाकांचं नाव का घेतलं?"

"विचार केला नाही म्हणून," मी म्हणालो.

तिनं ते वहीत लिहून घेतलं.