काचेवर धरलेली रेघ

मिसाओ इवामोतो त्या दिवशी सकाळी मत्स्यकेंद्रात नव्हती, याचं कारण तिचं पोट. पोटाला काही झालं होतं अशातला भाग नाही. वर्षातून एकदा एक्स-रेची बस येते, नोकरदार माणसाला उपाशीपोटी खडूसारखं पांढरं औषध पाजते, फळीवर उलटंसुलटं फिरवते आणि हातात जुलाबाच्या दोन गोळ्या देऊन घरी पाठवते. मिसाओ घरी न जाता सायकलवरून थेट केंद्रात आली. जुलै महिना होता आणि जुलैत ती घरी बसत नसे.

जुलैत कामेउराच्या खाडीत कालवांची पिल्लं तरंगत असतात. दोनेक आठवडे पाण्यावर भटकली की त्यांना कुठेतरी कायमचं चिकटून बसायची घाई होते. नेमक्या त्या दिवशी पाण्यात स्वच्छ शिंपल्यांच्या माळा लटकत असतील तर वर्षभराचं बी मिळतं. आठवडाभर आधी सोडल्या तर शिंपल्यांवर शेवाळ आणि कवचाचे किडे आधीच मुक्काम ठोकतात. उशीर केला तर पिल्लं तोवर खडकांवर जाऊन बसलेली असतात. माळा एकदाच सोडता येतात. दुसऱ्यांदा ओवायला ना शिंपले शिल्लक राहतात ना दिवस.

म्हणून केंद्रातली माणसं रोज सकाळी खाडीत जाळी ओढतात, चिकटायच्या बेतात आलेली मोठी पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि त्या आकड्यांची रेघ काढून कोळ्यांच्या संघाला फॅक्सने पाठवतात. सतरा वर्षं हे काम मिसाओ करत होती आणि रेघ काढत होतं कोपऱ्यातलं जुनं यंत्र.

या यंत्राबद्दल थोडं सांगायलाच हवं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाही. सगळा कारभार कळांवर. रेघा काढायचा प्रोग्रॅम पूर्वीचे केंद्रप्रमुख हागा यांनी एका हिवाळ्यात बसून स्वतः लिहिला होता, तेव्हा जपानच्या शोवा राजाचं एकसष्टावं वर्ष चालू होतं. पुढे राजा गेला, नवा गादीवर आला, देशाने वर्षं पुन्हा एकपासून मोजायला घेतली. प्रोग्रॅमला हे कुणी कळवलं नाही. त्याच्या लेखी शोवा राजा अजून जिवंत होता आणि यंदाचं साल अठ्ठ्याहत्तर होतं. मिसाओही रोज मुकाट्याने अठ्ठ्याहत्तर टाइप करायची. म्हाताऱ्या माणसाशी आपण वाद घालत नाही, तसंच.

तिसऱ्या कळीने साल उघडायचं, पाचवीने त्यावर दुसरं साल चढवायचं, बाणाच्या कळीने ते एकेक दिवस मागेपुढे सरकवायचं. कळ दाबली की यंत्र बारीक आवाज करायचं. मग शेजारचा लोखंडी हात लेखणी धरून कागदावर कुरकुरत रेघ ओढायचा.

एप्रिलमध्ये नवा संगणक आला, आणि बदलीवर कुवाबारा आला. अठ्ठावीस वर्षांचा, नम्र, मेहनती, सकाळी मिसाओच्या आधी येऊन सगळ्यांची टेबलं पुसणारा. त्याच्यावर रागावायला काही जागाच नव्हती, आणि मिसाओला त्याचाच थोडा राग यायचा. जुन्या यंत्रावर 'निकाली काढणे' अशी लाल चिठ्ठी लागली होती. मार्चमध्ये ते जाणार होतं, आणि मार्चमध्येच मिसाओही निवृत्त होणार होती.

ती आत आली तेव्हा साडेअकरा झाले होते. कुवाबारा उठून उभा राहिला.

"इवामोतो-सान, तब्येत कशी आहे? सकाळचं सगळं झालंय. एकशे त्रेसष्ट पिल्लं. रेघ नव्या यंत्रावर काढून फॅक्सही केली."

"छान केलंस," ती म्हणाली, आणि फोन वाजला.

पलीकडे तोकुमात्सु होते. बी धरणाऱ्या कोळ्यांचे म्होरके, वय चौऱ्याहत्तर, फोनवर ओरडूनच बोलायची सवय.

"ताई, कागद मिळाला बरं का! पासष्ट सालासारखी रेघ आलीय, अगदी वरपर्यंत. माळा चढवायला घेतल्यात. एकची भरती धरून निघतो."

यंत्राच्या हिशोबातलं पासष्ट साल म्हणजे गेल्या सतरा वर्षांतलं सगळ्यात भरघोस साल. त्या साली नऊशेच्या जवळ पिल्लं मोजली होती. एकशे त्रेसष्टची रेघ पासष्टसारखी दिसेलच कशी?

"काका, थांबा. जरा थांबा. माळा सोडू नका."

"का? तूच पाठवलंस ना?"

"मी नाही पाठवलं. मी पोटाचा फोटो काढायला गेले होते."

"पोटाचा फोटो," म्हातारा म्हणाला. "ताई, चाळीस बोटी आहेत माझ्या मागे. सगळ्यांनी कागद काचेवर धरून बघितलाय. तू नुसतं थांबा म्हणालीस म्हणून मी त्यांना काय सांगू? दुसरा कागद दाखव, मग थांबवतो."

फोन ठेवला आणि तिने कुवाबाराचा कागद उचलला. रेघ देखणी होती. पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून वरच्या कडेला जवळपास टेकलेली. पानाच्या वरच्या कडेला आकडा होता एकशे ऐंशी.

नवा प्रोग्रॅम हुशार होता. जेवढे आकडे असतील तेवढ्यात पान भरून टाकायचा. हागांचा प्रोग्रॅम एवढा हुशार नव्हता. त्याच्या पानाची वरची कड म्हणजे हजार. पिल्लं दहा असोत नाहीतर नऊशे, कड हजारच.

"पण बाजूला आकडे लिहिलेत की," कुवाबारा हळूच म्हणाला.

"इथे आकडे कोण वाचतं?"

"मग काय वाचतात?"

"उंची. पासष्टचा कागद बोटीच्या काचेवर चिकटवलेला असतो, त्यावर आजचा धरतात. आजची रेघ जुनीला भिडली की निघतात. सतरा वर्षं असंच चाललंय."

तो कमरेत पुरता वाकला. "माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं."

"आणि मी सांगायला हवं होतं," मिसाओ म्हणाली, आणि ते खरंच होतं. आकडे वाचायची गरज पडू नये अशी रेघ ती सतरा वर्षं काढत आली होती, त्याचा तिला अभिमानही होता, आणि आज तोच चाळीस बोटी घेऊन बुडायला निघाला होता. "माफी नंतर मागू. आधी कोपऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याला उठव."

नव्या यंत्रासाठी जुन्या यंत्राची वायर सकाळीच काढलेली होती. कुवाबाराने टेबलाखाली शिरून ती जोडली. फ्लॉपीची तबकडी आत घातली की यंत्र घसा खरवडायचं, तसं त्याने खरवडलं आणि अर्धा मिनिट विचारात पडलं. मिसाओ खुर्चीच्या टोकावर बसली. हे आज उठलं नाही तर माझं कुणी ऐकणार नाही, असं तिला स्पष्ट वाटलं.

हिरवी अक्षरं आली. तिसरी कळ. अठ्ठ्याहत्तर. तिने सकाळचा आकडा भरला. पाचवी कळ, पासष्ट. पडद्यावर दोन रेघा उभ्या राहिल्या. पासष्टची डोंगराएवढी, आणि तिच्या पायथ्याशी यंदाची, दोन बोटं उंच.

"एवढीशी?" कुवाबारा म्हणाला.

"एवढीशी. आता बघ." तिने उजव्या बाणाची कळ दाबली. एक दिवस, दोन दिवस, तीन. पासष्टची रेघ उजवीकडे सरकू लागली. यंदा पाणी उशिरा तापलं होतं, म्हणजे सगळंच उशिरा. नवव्या वेळी यंत्राने आवाज केला आणि यंदाची चिमुकली रेघ पासष्टच्या चढावर बेमालूम बसली. पिल्लं पासष्टइतकीच येणार होती, फक्त नऊ दिवस उशिरा. पासष्टचं टोक आठ तारखेला होतं, म्हणजे यंदाचं सतराच्या आसपास.

लोखंडी हाताने दोन कागद काढायला सात मिनिटं घेतली. एकावर यंदाची रेघ, एकावर पासष्टची. संघाच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत फॅक्सकडे कुणी फिरकत नाही, हे मिसाओला ठाऊक होतं. तिने कागद सायकलच्या टोपलीत टाकले आणि धक्क्याकडे निघाली.

धक्क्यावर माळांचे ढीग बोटींवर चढत होते. तिला पाहून एका बोटीवरून कुणीतरी टोमणा मारला, "केंद्र सकाळी एक सांगतं, दुपारी दुसरं. संध्याकाळपर्यंत थांबलो तर बी घरपोच आणून देतील."

"देऊ की, पत्ता लिहून ठेव," मिसाओ म्हणाली आणि तोकुमात्सुंच्या बोटीवर चढली.

चाकापुढच्या काचेवर पासष्टचा पिवळा पडलेला कागद होता, वर कुवाबाराचा. म्हातारा बाजूला झाला. तिने कुवाबाराचा काढला आणि आपला लावला. उजेड मागून येत होता. जुन्या डोंगराच्या पायथ्याशी दोन बोटांचा उंचवटा.

तोकुमात्सु काचेजवळ वाकले. "मग हा सकाळचा कुठून आला?"

"आकडे तेच आहेत. पान वेगळं मापलंय. कडेला लिहिलंय बघा."

"कडेचं मला दिसत नाही, ताई. मोतीबिंदू आहे. मला फक्त रेघ दिसते."

इतकी वर्षं तिला हे माहीत नव्हतं. तिने पासष्टचा दुसरा कागद काचेवर धरला, कडेला कड न लावता, हळूहळू उजवीकडे सरकवत नेला. नऊ चौकोन, म्हणजे नऊ दिवस. छोटी रेघ चढावर जाऊन बसली.

"कडेला कड लावून बघायचं नाही, काका. असं सरकवायचं. यंदाचा समुद्र झोपाळू आहे. इथे बसतेय ना? मग टोक इथे. सतरा."

"सरकवायचं," म्हातारा म्हणाला. त्याने स्वतः कागद हातात घेतला, मागे नेला, पुढे नेला, परत मागे. मग दार उघडून साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, "उतरवा रे सगळं. आज नाही."

धक्क्यावरून ज्या शिव्या आल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. पण माळा उतरू लागल्या.

"ताई, ओठाला पांढरं काय लागलंय?"

"फोटोचं औषध."

"म्हणजे उपाशीपोटी भांडायला आलीस." त्याने डब्यातून समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा मुटका काढून दिला. आत आंबट आलुबुखार होतं. मिसाओने तो धक्क्यावर उभ्या उभ्या खाल्ला आणि तिला फार बरं वाटलं.

पुढचा आठवडा सुखाचा गेला. कुवाबारा रोज दुपारी जुन्या यंत्रापुढे तिच्या शेजारी बसून कळा शिकला. नव्या प्रोग्रॅममध्येही वरची कड हजारवर बांधून ठेवता येते, हे त्याने शोधून काढलं. तरी तोकुमात्सु काकांचा विचार मिसाओच्या मनातून जात नव्हता. रेघ काढायला कुवाबारा आहे, पण त्या धूसर डोळ्यांना दिवस कोण सांगणार? मार्चनंतर एखाद्या वर्षी पुन्हा कुणीतरी हुशार यंत्र आणलं तर? झोपताना हा प्रश्न तिला टोचायचा.

सोळा तारखेला सकाळी दहा वाजता ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत होती, आणि खिडकीबाहेर इंजिनं सुरू झाल्याचा आवाज आला. एक, मग पाच, मग मोजता येईनात इतकी. ती धावत खिडकीशी गेली. बोटी खाडीत निघाल्या होत्या, माळांनी लादलेल्या, पुढे तोकुमात्सुंची.

"तू कागद पाठवलास?" तिने विचारलं.

"नाही. अजून मोजून कुठे झालंय?" कुवाबारा म्हणाला.

संघात कुणी फोन उचलेना. पहिल्या माळा पाण्यात पडताना तिने डोळ्यांनी पाहिल्या. कालचा आकडा चारशे वीस होता. आजचा कुणालाच माहीत नव्हता. आपणच त्या दिवशी धक्क्यावर शहाणपण शिकवायला गेलो आणि म्हाताऱ्याने काहीतरी अर्धवट धरलं, असं तिला वाटलं. पण करण्यासारखं एकच होतं. ती परत जागेवर बसली आणि मोजू लागली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पहिल्यापासून मोजलं.

आठशे चौऱ्याऐंशी.

तिने तो आकडा कुवाबाराकडूनही मोजून घेतला. त्याचे आठशे ऐंशी आले. मग तिने तिसरी कळ दाबली, अठ्ठ्याहत्तर साल उघडलं, पाचवीने त्यावर पासष्ट चढवलं, आणि यंदाची रेघ पासष्टच्या शिखराला जाऊन भिडलेली बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुवाबाराने चहा आणून ठेवला. कागद अकरा वाजता गेला, रोजच्यासारखा.

तीनला फोन वाजला.

"ताई, कागद मिळाला. काचेवर धरून बघितला. बरोबर आलाय तुझा."

"काका, कागदाआधीच कसे निघालात तुम्ही?"

"तूच नाही का दाखवलंस? रोजचा कागद रोज सरकवून बघत होतो. तू सतरा म्हणालीस, पण काल धरला तर नऊऐवजी आठच चौकोनांवर बसत होता, म्हणजे सोळा. तुला विचारणार होतो, पण म्हटलं, मोजत बसलेली असशील, कशाला त्रास द्यायचा."

मिसाओला आठवडाभर टोचणारा प्रश्न कुठेतरी विरघळून गेला होता.

"म्हणजे मी एका दिवसाने चुकले," ती म्हणाली.

"असू दे," तोकुमात्सु म्हणाले. "येईल हळूहळू. सतराच वर्षं तर झालीत तुला."