कडुलिंबाच्या सावलीतली कळलावी

मित्रांनो, मी एक जुनी कळलावी आहे. जुनी म्हणजे किती वर्षांची, हे मलाही सांगता येणार नाही. आमचा कंद दरवर्षी वाळतो आणि वाळता वाळता पोटचा नवा कंद मागे ठेवतो. त्यामुळे मी दरसाल मरते आणि दरसाल जगते. पावसाळ्यात माझा वेल वर येतो, पानांच्या टोकांनी शेजारच्या काटकीला धरून चढतो आणि श्रावणात त्याला फुले लागतात. फूल आधी हिरवट असते, मग पिवळे होते, मग निखाऱ्यासारखे लाल. लोक म्हणतात, आग लागल्यासारखी दिसते. मला ते बोलणे आवडत नाही, कारण खरी आग मी पाहिली आहे.

माझा जन्म जिंतूरकडच्या डोंगरातला. धावडा आणि पळस यांच्या सावलीत, कुजलेल्या पाल्याच्या मऊ मातीत मी वाढले. उन्हाळ्यात कुणीतरी वाळल्या गवताला काडी लावायचे. वणवा डोक्यावरून जायचा तेव्हा मी चार बोटे खाली झोपलेली असे. वरच्या तितरांची अंडी तापून फुटल्याचे आवाज खालपर्यंत येत. पावसाळ्यात रानडुकरे मुसंडी मारून जमीन उलथून टाकत. तरी मी टिकले. जंगलात सगळ्यांनाच असे टिकावे लागते.

एका वर्षी सीताफळे पिकायच्या दिवसांत माणसांनी भरलेली एक जीप आली. त्यांच्याजवळ टिकाव आणि पोती होती. कळलावीचे कंद औषधाला लागतात, म्हणून ते उतारावरचा एकेक वाळका वेल शोधत होते आणि खाली घाव घालत होते. माझ्या जवळच माझी एक जुनी सोबतीण होती. टिकावाच्या एका घावात तिचे तीन तुकडे झाले. दुसरा घाव माझ्यावर पडला. माझा अर्धा भाग पोत्यात गेला आणि अर्धा खड्ड्यात राहिला. मी ओरडू शकत नाही, एवढेच.

तिथे सीताफळे वेचायला एक बाई आली होती. तिने खड्डे पाहिले आणि ती थांबली.

"दादा, समदंच न्यायलाव का? बियाला एखांदं तरी ठिवा की."

"तू राहायलीस का हितं राखण करायला?" टिकाववाला म्हणाला, आणि सगळे हसले.

जीप गेल्यावर त्या बाईने खड्ड्यांतली माती हाताने चाळली. एवढ्या मोठ्या उतारावर तिला मी एकटीच सापडले. तिने मला पदराच्या टोकात बांधले. तिचे नाव छबूबाई. ती बोरी गावात एकटी राहत होती. नवरा वारला होता, लेक सासरी होती. घरामागे एक मोठा कडुलिंब होता आणि त्याच्याखाली इतकी सावली, की तिथे तुरीचा दाणाही उगवत नसे. छबूबाईने त्या कोपऱ्यात सावलीत जगणारी झाडे लावायला सुरुवात केली होती. अळू होता, रानहळद होती, आणि आता मी आले.

बोरीची जमीन काळी आणि चिकट. त्यात पाणी साचले की कंद कुजतो, हे छबूबाईला ठाऊक होते. तिने वाफा उंच केला, त्यात मुरूम मिसळला आणि डोंगरातून घमेलेभर कुजका पाला आणून घातला. माझ्या ज्या टोकाला कोंबाचा डोळा होता ते टोक सांभाळत तिने मला आडवे निजवले. उन्हाळाभर पाण्याचा थेंब दिला नाही, कारण झोपेत आम्हाला पाणी नको असते. पाऊस पडल्यावर मी कोंब काढला, तेव्हा तिने वेल चढायला शेजारी तुराट्या रोवल्या. पहिल्या वर्षी नुसती पाने आली. दुसऱ्या वर्षी मला अकरा फुले लागली.

ती फुले सुग्रीवने पाहिली आणि माझ्या आयुष्यातला वाईट काळ सुरू झाला.

सुग्रीव हा छबूबाईचा दीर. दोन्ही घरांच्या मध्ये फक्त एक कुडाची भिंत. त्याला कडुलिंब तोडून तिथे ट्रॅक्टरसाठी शेड घालायचे होते. जागा छबूबाईच्या वाट्याची होती आणि ती देत नव्हती. वर्षभर रोज शिवीगाळ चालली होती. एकदा त्याने तिची घागर उंबऱ्यावर आपटून फोडली होती, एकदा अळूवर रॉकेल ओतले होते. आता त्याला नवे कारण मिळाले.

"वहिनी, ही कळलावी हाय," तो भिंतीवरून ओरडला. "घरी लावली की घरात कळ लागती. तरीच म्या म्हणतो, आपल्यात रोज भांडण का होयलंय."

"भांडण तुज्या शेडमुळं होयलंय," छबूबाई म्हणाली. "माजी माय सुईण व्हती. बाळंतीण अडली की कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा लेप लावायचे, म्हणून ही कळलावी. तुज्या-माज्या भांडणाशी हिचा काय संबंध?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुग्रीव कुऱ्हाड घेऊन आला. कुडाची भिंत त्याने लाथेने पाडली. आधी तुराट्या मोडल्या, मग माझा वेल मुठीत धरून हिसडला. फुलांचा चिखल झाला. त्याने कुऱ्हाडीच्या तोंडाने वाफा उकरला, मला उपटून काढले आणि भिंतीपलीकडे आपल्याच अंगणात भिरकावले. छबूबाई धावत आली आणि कडुलिंबाला पाठ लावून उभी राहिली.

"झाडाला हात लाव, मग बघते!"

सुग्रीवने कुऱ्हाड फिरवली. पाते मागे होते, दांडा पुढे. तिने तोंडासमोर उजवा हात धरला. हाड मोडल्याचा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला. वाळकी फांदी मोडते तसाच तो होता. ती खाली पडली, तेव्हा त्याने तिच्या कमरेत आणखी दोन लाथा घातल्या. मग लोक जमले आणि तो शेताकडे निघून गेला.

मित्रांनो, इथपर्यंत मी मार खाणारी होते. आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला लाज वाटते.

सुग्रीवला प्रियंका नावाची मुलगी आहे, तेव्हा पाच वर्षांची. ती अंगणात भातुकली खेळत होती. तिला मी सापडले. तिने माझी माती धुतली, आणि धुतल्यावर मी रताळ्यासारखी दिसते. तिने मला इवल्याशा पातेल्यात ठेवले, काडीने ढवळले आणि मग खरोखरच चावा घेतला. मी कडू आहे. तरी तिने दोन घास गिळले. माझ्या अंगात विष आहे, मित्रांनो. डोंगरात तेच माझे रक्षण करते. मला ते परत ओढून घेता आले नाही. मी त्या पातेल्यात पडून राहिले आणि ते तिच्या पोटात उतरत राहिले.

दुपारी मुलगी ओकू लागली. मग जुलाब सुरू झाले, मग त्यात रक्त दिसले. तिची आई लक्ष्मी घाबरून ओवा शोधू लागली. छबूबाई मोडका हात गळ्यात बांधून ओट्यावर बसली होती, तिला परभणीच्या दवाखान्यात न्यायला जीप येणार होती. लक्ष्मीचे रडणे ऐकून ती पडक्या भिंतीवरून आली. तिने पातेल्यात मला पाहिले. माझ्या अंगावर चार लहान दात उमटले होते.

"लक्ष्मे, ओवा ठिव! पोरीनं हे खाल्लंय. उचल तिला."

तिने डाव्या हाताने मला पदरात टाकले आणि ती नुकत्याच आलेल्या जीपकडे पळाली. शेतातून सुग्रीवही धावत आला. जीपमध्ये एका बाकावर तो मुलीला मांडीवर घेऊन बसला आणि समोरच्या बाकावर त्याने सकाळी जिचा हात मोडला ती बाई. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून कण्हणे निघत होते. मुलीची मान लटकली होती.

"वहिनी," सुग्रीव म्हणाला, "पोलिसात नगा सांगू."

"आधी पोरगी. तुजं मागून बघू."

दवाखान्यात छबूबाईने मला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. "हे खाल्लंय, साहेब. कळलावी."

डॉक्टर म्हणाले, "कंद आणला हे फार बरं केलं. नाहीतर आम्हाला कळायलाच वेळ गेला असता."

नऊ दिवस मुलगी जगते की मरते असे चालले होते. छबूबाईच्या हाताला प्लास्टर घातले. तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. सुग्रीव कोपऱ्यात उभा होता.

"भांडणाचं कारण काय?" हवालदारांनी विचारले.

"ती कळलावी, साहेब," सुग्रीव म्हणाला. "त्या झाडापायी झालं समदं."

छबूबाई खाटेवर उठून बसली. "लिवा, साहेब. झाडाला हात न्हाईत. माजा हात सुग्रीवनं मोडलाय."

"आक्का…" लक्ष्मी रडत म्हणाली.

"तुजी पोरगी येगळी अन् तुजा नवरा येगळा. पोरीसाठी म्या जीव टाकीन. त्याच्यासाठी खोटं बोलणार न्हाई."

गुन्हा नोंदला गेला. मुलगी वाचली. मात्र घरी आल्यावर तिच्या डोक्यावरचे केस मुठीमुठीने गळले आणि पंधरा दिवसांत तिचे डोके गुळगुळीत झाले. लक्ष्मी ते केस गोळा करून मोरीत बसून रडायची.

डॉक्टरांनी मला जाळायला सांगितले होते. गावानेही तेच सांगितले. छबूबाईने मला दवाखान्यातून परत आणून चार दिवस चुलीशेजारी ठेवले. चुलीत जाळ घालताना ती माझ्याकडे पाहायची. पाचव्या दिवशी तिने डाव्या हाताने वाफा नीट केला.

"हिनं कुणाच्या तोंडात उडी मारली न्हाई," ती शेजारणीला म्हणाली. "फवारणीचं औषध घरात ठिवता ना? पोरांचा हात पोचंल तिथं ठिवत न्हाई, एवढंच. चूक माजीबी हाय. म्या कुंपण घालाया पायजे व्हतं."

या वर्षी मृगात माझा कोंब वर आला, तेव्हा वाफ्याभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण होते. निम्मे काटे छबूबाईने ओढले होते. निम्मे लक्ष्मीने नवऱ्याला न विचारता आणून टाकले होते. श्रावणात फुले लागली. प्रियंकाच्या डोक्यावर बोटभर केस आले होते. शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन ती कुंपणाशी आली. सुग्रीव जामिनावर सुटून आला होता, ओट्यावर बसून बिडी ओढत होता.

"ही भांडणं लावती म्हणं," एक मुलगी म्हणाली.

"न्हाई गं," प्रियंका म्हणाली. "भांडण माज्या पप्पानं केलं. म्या बघितलंय."

सुग्रीवने बिडी विझवली आणि तो आत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही, असे लक्ष्मीने नंतर सांगितले. पुढच्या महिन्यात ती कुंपणाजवळ येऊन म्हणाली, "आक्का, तारखेला त्यांनी कोर्टात कबूल केलं. म्याच मारलं म्हणले."

"बरं केलं," छबूबाई म्हणाली. तिचा उजवा हात वाकडा जुळला आहे, मूठ मिटत नाही. ती डाव्या हाताने अळूला पाणी घालत राहिली. तिचे आणि सुग्रीवचे बोलणे अजून सुरू झालेले नाही, आणि होईल की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, डोंगरात आता माझी भावंडे फार थोडी उरली आहेत. दिसली तर त्यांना उपटू नका, बी पडेपर्यंत तरी राहू द्या. सावलीचा कोपरा असेल तर एखादीला जागा द्या, पण आधी ती कोण आहे हे मोठ्यांकडून नीट समजून घ्या आणि लहानांचा हात पोचणार नाही असे कुंपण घाला. माझे कुठलेच अंग तोंडात घालायचे नाही. श्रावणात कधी बोरीकडे आलात तर मला भेटायला या. हात पाठीमागे बांधा, कुंपणाबाहेर उभे राहा आणि पोटभर बघा.