न वाजलेल्या हातोड्याचे एकशे बारा खटले

मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे. न्यायाधीशांच्या टेबलावर असतो ना, तसला, अक्रोडाच्या लाकडाचा आणि गुळगुळीत मुठीचा. मित्रांनो, सरकारी कागदांत माझी जेवढी स्तुती झाली तेवढी क्वचितच कुणा हातोड्याची झाली असेल. तिच्यात एक अक्षरही खरं नव्हतं, एवढंच माझं दुःख.

ओहायोतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्याबरोबर लाकडाचा एक गोल ठोकळाही जन्मला. मी त्याच्यावर आपटायचं आणि त्यानं ‘ठक्’ म्हणायचं, अशी आमची जोडी. खोक्यात बंद होताना आम्ही मोठमोठ्या कोर्टांची स्वप्नं पाहिली. २००३ साली खोकं उघडलं, ते टेक्सासमधल्या एका सरकारी मनोरुग्णालयात.

तिथे माझं काय काम, असं तुम्ही विचाराल. सांगतो. कधी कधी एखाद्या माणसावर गुन्ह्याचा आरोप होतो, पण मन आजारी असल्यामुळे त्याला काही उमगत नाही. खटला कसला, वकील कशाला, न्यायाधीश कोण, हे त्याला कळत नाही. अशा माणसावर खटला चालवणं अन्यायाचं होईल. म्हणून कोर्ट खटला थांबवून त्याला रुग्णालयात पाठवतं. तिथे त्याला औषधं द्यायची आणि कोर्ट म्हणजे काय ते शिकवायचं. शिकवण्यासाठी लुटुपुटूचं कोर्ट भरवायचं आणि त्यात मला आपटायचं. हे सगळं नीट चाललं आहे की नाही, यावर राज्य सरकारचं एक कार्यालय नजर ठेवतं.

पण पहिल्याच वर्गाआधी शिकवणारे गृहस्थ दुसरी नोकरी मिळून निघून गेले. मी संचालकांच्या टेबलाच्या खणात गेलो. शेजारी संपलेल्या बॅटऱ्या आणि केचपच्या पुड्या होत्या. संचालकांचं नाव मिस्टर पिकेट. माणूस वाईट नव्हता. नवा शिक्षक द्या म्हणून त्यांनी वरच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी सोपा मार्ग धरला. दर शुक्रवारी दुपारी डोनट खाता खाता ते वहीत लिहायचे, ‘अभिरूप न्यायालय भरवले. रुग्णांनी उत्साहाने भाग घेतला. हातोड्याचा प्रभावी वापर झाला.’

मी खणात पडून ते ऐकायचो, कारण लिहिताना ते मोठ्यानं वाचायचे. पहिल्यांदा मला लाज वाटली. विसाव्या खटल्यानंतर थोडा अभिमान वाटू लागला.

२००५ च्या ऑक्टोबरात मनोहरकाका आले. मूळचे नागपूरचे, टेक्सासमधल्याच शुगर लँड गावात राहणारे, तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. बायको गेल्यावर त्यांची झोप उडाली आणि मग मन भरकटलं. घराजवळच्या चौकातला सिग्नल चुकतो आहे, असं त्यांनी ठरवलं. एका सकाळी त्यांनी सिग्नलची पेटी उघडून तो आपल्या हिशेबानं दुरुस्त केला. चारी बाजूंना हिरवा दिवा लागला. कुणाला इजा झाली नाही, पण दोन गाड्या फुलांच्या दुकानात शिरल्या. कोर्टात काका न्यायाधीशांना म्हणाले, “सिग्नल खात्याचे मुख्य तुम्हीच ना? मग माझं बढतीचं पत्र द्या.” म्हणून त्यांना आमच्याकडे पाठवलं.

औषधं लागू पडली. दीड महिन्यातच काका शांत झाले, झोपू लागले. मग ते रोज पिकेटसाहेबांच्या खोलीच्या दारात येऊ लागले. शुक्रवारचं ते मोठ्यानं वाचणंही त्यांच्या कानावर पडायचं. ते विचारायचे, “क्लास कधी?”

ग्लोरिया नावाच्या परिचारिका होत्या. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, “पुढच्या आठवड्यात.”

“अन् डॉक्टर तपासून कोर्टात केव्हा पाठवणार?”

“क्लास पूर्ण झाले की.”

क्लास होत नव्हते, म्हणून तपासणी होत नव्हती. तपासणी होत नव्हती, म्हणून काका सुटत नव्हते. डिसेंबरात त्यांच्या मुलीला, स्वानंदीला, दूर न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत मुलगी झाली. काकांनी नातीचं पहिलं रडणं व्हरांड्यातल्या फोनवर ऐकलं. रिसीव्हर ठेवून ते पुन्हा आमच्या दारात आले, “क्लास कधी?” मी खणात होतो, मित्रांनो, पण त्या दिवशी मला माझ्या एकाही कागदी खटल्याचा अभिमान वाटला नाही.

शेवटी स्वानंदीनंच त्या देखरेखीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. जुलैमध्ये त्या कार्यालयानं रुग्णालयाला कळवलं, की मंगळवारी वर्गांची पाहणी होईल.

पिकेटसाहेबांनी घाईघाईनं मला बाहेर काढलं आणि त्यांचा चेहराच पडला. “ग्लोरिया, एकशे बारा खटले आणि एक ओरखडा नाही? याला म्हातारा कर!”

ग्लोरियांनी मला घरी नेलं. मला आपटून त्यांनी दोन पौंड पिकॅन, म्हणजे अक्रोडाचे भाऊबंद, फोडले. नंतर मला अंगणातल्या दगडावर आपटलं आणि काळ्या कॉफीत बुडवून उन्हात ठेवलं. अंग ठणकत होतं, पण खरं सांगू? मजा आली. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी कशावर तरी आपटत होतो.

मंगळवारी त्या कार्यालयातली अनिका नावाची अधिकारी आली. तिशीची, ह्यूस्टनमध्ये जन्मलेली, आईवडील पुण्याचे. तिनं वही वाचली आणि मला हातात घेऊन निरखलं.

“बराच वापरलेला दिसतोय,” ती म्हणाली.

“प्रचंड,” पिकेटसाहेब म्हणाले.

मग तिनं ठोकळा उचलला. माझा जोडीदार अजूनही कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. त्याची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

“मग हा हातोडा आपटता कशावर?”

पिकेटसाहेबांनी घाम पुसला. “आमचे रुग्ण... हवेत आपटतात.”

“ग्रेट. मग आत्ताच एक खटला दाखवा ना.”

जेवणघरात बारा रुग्ण जमले. न्यायाधीश कोण होणार, असं विचारताच मनोहरकाकांनी हात वर केला. आरोपी व्हायला कुणी तयार होईना, म्हणून पिकेटसाहेबांनाच बसावं लागलं.

“आरोपीचं नाव?” काकांनी विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे.”

“कोर्टाला काही माहीत नसतं. कोर्टाला सांगावं लागतं. तुमच्यावर आरोप असा, की न घेतलेले वर्ग तुम्ही वहीत लिहिले. समजलं का?”

पिकेटसाहेब गप्प.

“गप्प राहायचा तुम्हाला हक्क आहे. वकील हवा?”

“हो,” पिकेटसाहेब अगदी मनापासून म्हणाले. सगळे हसले. अनिकाही हसली.

काकांनी ग्लोरियांना साक्षीला बोलावलं. “याआधीचा वर्ग केव्हा झाला?”

ग्लोरियांनी साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “हातोडा आल्यापासून हाच पहिला,” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

काकांनी मला उचलून ठोकळ्यावर आपटलं. प्लास्टिकमुळे आवाज आला ‘फस्’. अनिकानं उठून ते प्लास्टिक ओरबाडून काढलं. काकांनी पुन्हा आपटलं.

ठक्!

मित्रांनो, तो आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही. ठोकळा नंतर कितीतरी वेळ थरथरत होता.

अनिका काकांजवळ गेली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, “काका, हे सगळं तुम्हाला कोणी टीच केलं?”

“कोणीच नाही, बेटा. टीव्हीवर दुपारी कोर्टाचा प्रोग्राम लागते. दुसरा चॅनलच लागत नाही इथं.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही, की मी रेडी आहे?”

“रोज सांगतो ना. ते वहीत कोणी लिहिलं नाही.”

 अनिकानं चष्मा काढून पुसला आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

त्याच आठवड्यात काकांची तपासणी झाली आणि पंधरा दिवसांत ते कोर्टात उभे राहिले. सोबत गेलेल्या ग्लोरियांनी परत येऊन सगळं सांगितलं. ज्या गुन्ह्याला फार तर सहा महिन्यांची शिक्षा होती, त्यासाठी काका नऊ महिने अडकले होते. न्यायाधीशांनी अकरा मिनिटांत प्रकरण मिटवलं. बाहेर स्वानंदी सात महिन्यांच्या मुलीला घेऊन उभी होती. मुलगी अनोळखी आजोबांना पाहून भोकाड पसरून रडली. काका म्हणाले, “रडू दे. हे रडणं जवळून ऐकायचं राहिलं होतं.”

पिकेटसाहेबांची बदली झाली. आणखी चार जण असेच ताटकळले होते, त्यांचीही तपासणी झाली. नवी शिक्षिका आली. आता २००८ साल चालू आहे. आठवड्यातून तीनदा मी खरोखर आपटतो. माझी मूठ दोनदा तडकली, तिला निळी चिकटपट्टी लावली आहे. वहीत माझी स्तुती आता कुणी लिहीत नाही. नुसतं ‘वर्ग झाला’ एवढंच लिहितात.

मित्रांनो, जुन्या वस्तू ‘आम्हाला जपा’ म्हणतात. मी म्हणतो, मला जपू नका, वापरा. जपायचं असेल तर दारात येऊन रोज तोच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला जपा. वहीत सगळं छान लिहिलेलं दिसलं, तरी एकदा उठून आत डोकावा.

आज तीन वाजता वर्ग आहे. तुम्हीही पाहायला या. फक्त येण्याआधी कळवू नका.