पलीकडची हळद

"मिस्त्री, आता पाइप लावूच नका! मगाशी काढल्यावर इंजान कसं सुसाट पळालं. धूर बी साफ," भाऊसोनं विहिरीत वाकून हाक दिली.

खाली, निम्म्यावरच्या कट्ट्यावर गुंडा मिस्त्री इंजिनापाशी बसला होता. दुष्काळात पाणी तळाला गेलं तेव्हा इंजिन विहिरीत उतरवलं, ते तिथंच राहिलं होतं. त्याचा धूर बाहेर काढणारा लांब पाइप दोन वळणं घेत काठाबाहेर निघत होता. तो जोडला की इंजिन कण्हायचं आणि वर काळ्याकुट्ट धुराचा लोट यायचा.

"साफ दिसला, पर ती खूण खोटी," मिस्त्री खालून म्हणाला. "पाइपातनं धूर ढकलायला त्येला जोर पडतोय गड्या. जळका धूर त्येच्या पोटातच तुंबला, तर ताजी हवा कुटनं घ्यायची? पाइप नसताना जुळवलेलं इंजान, त्येला पाइप चढवला की बिघडनारच. पाइप ठिवायचा आसंल तर पाइपासकट जुळवाय पायजे. डिझेल कमी करावं लागंल. पानी बी जरा कमीच यील."

"आदीच हळदीची पानं वाळाय लागल्यात. आनि तुमी पानी कमी म्हंता! सोडा तो पाइप. रोज मी उतरीन की खाली, माजं मी बगीन."

"तुमी न्हाई उतरायचं, भावजी."

बाभळीखाली उभी असलेली हरणा बोलली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलंच वाक्य. खांद्यावर बाळ झोपलं होतं, हातात भाकरीचं गाठोडं होतं. भाऊसो काठावरनं मागं सरला.

तेव्हा पाइप नव्हता. मागच्या दिवाळीनंतर हरणा अशीच भाकरी घेऊन आली होती. पोटात हे बाळ होतं. नवरा, अर्जुन, इंजिनाला तेल द्यायला खाली उतरलेला. तिनं वरून दोनदा हाक मारली, "आवं, भाकरी आनलीया." ओ आली नाही. इंजिन धडधडतंय, ऐकू गेलं नसेल, असं म्हणून तिनं गाठोडं काठावर ठेवलं आणि ती घरी गेली. संध्याकाळी माणसांनी धुरानं गुदमरलेल्या अर्जुनाला वर काढलं. तो झोपल्यासारखाच दिसत होता. गाठोडं तसंच होतं, फक्त मुंग्या लागल्या होत्या. तिला रडू आलं नव्हतं. अजूनही येत नव्हतं. बाळ प्यायला लागलं की तेवढं दूध यायचं.

दिवस घातल्यावर तिच्या वडलांनी रहिमतपुराहून एस्टीच्या टपावर टाकून हा पाइप आणला आणि स्वतः उभं राहून बसवून घेतला.

"पर मला हितनं धूर दिसत न्हाई," मिस्त्री म्हणाला. "वर कुनीतरी सांगाय पायजे."

"कोन सांगतंय? मी चाललो पाटाकडं," भाऊसो खांद्यावर खोरं टाकून निघून गेला.

हरणा बाभळीखालून पुढं आली. वर्षभरात ती या काठाला आली नव्हती. पाइपाच्या तोंडाशी उभी राहिली आणि पदर बाळाच्या नाकावर ओढला.

"मी सांगते, मिस्त्री."

हँडल फिरलं. पाइप थरथरला आणि भसकन धूर आला.

"काळा."

खाली स्क्रू फिरला.

"काळाच हाय."

"आता?"

"राखंवानी."

"आता वयनी?"

ती धूर शोधत पुढं वाकली.

"वयनी! काय दिसतंय?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी?"

"पलीकडची हळद दिसतीया."

खाली मिस्त्री हसला. "मग झालं की! जुळलं बगा!"

पाइपाच्या तोंडाशी नुसती ऊन हवा हलत होती आणि तिच्याआड हळदीची पानं पाण्यातल्यासारखी डुलत होती. पाटाकडून भाऊसोची हाक आली, "आवं, ही काय धार झाली? ह्या धारंनं रान कवा भिजायचं?"

"भिजंल," हरणा म्हणाली. "दोन दिस जास्त लागतील."

इंजिन चालूच होतं. मिस्त्री खाली पाना पुसत, जोडावर हात फिरवून कुठं धूर गळतोय का ते बघत बसला होता. ती वाकली.

"मिस्त्री?"

"ओ!"

थोड्या वेळानं पुन्हा, "मिस्त्री?"

"हाय हाय. काय पायजे का?"

"काय न्हाई."

बाळ जागं झालं. तिनं त्याला थोपटलं, पण काठ सोडला नाही.

मिस्त्री पायऱ्या चढून आला. आधी त्याचे तेलकट हात दिसले, मग घामेजलेलं डोकं. तिनं गाठोडं पुढं केलं.

"माजं हात घान हायेत वयनी. ठिवा की काठावर, घेतो मी."

ती तशीच उभी राहिली, गाठोडं पुढं धरून. मिस्त्रीनं हात धोतराला पुसले आणि तिच्या हातातून भाकरी घेतली.